कोरड्या गॅरेजातला गंज

१

गॅरेज कोरडं होतं. म्हणूनच उदाजीराव फडतऱ्यांना आधी काही कळेना.

गणपती उठले, पावसाने उघडीप दिली आणि धारच्या आपल्या घरामागचं गॅरेज त्यांनी बऱ्याच दिवसांनी उघडलं. आत अक्षतची, त्यांच्या मुलाची, लाल स्पोर्ट्‌स कार झाकून ठेवलेली होती. जेमतेम दोन माणसं बसतील अशी, जमिनीला टेकल्यासारखी, इंजिन मागच्या बाजूला असलेली गाडी. गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर अक्षत साध्या वाटणाऱ्या तापात गेला. तेव्हापासून ती कुणी चालवली नव्हती. उदाजीरावांनीच चालवू दिली नव्हती.

दार उघडताच ओल्या लोखंडाचा वास आला. मागच्या चाकांच्या मधे फरशीवर तांबडा डाग होता. त्यांनी गाडीवरचं जाड आवरण मागच्या बाजूने थोडं वर केलं आणि इंजिनाचं झाकण उघडलं.

आत पाणी होतं. कोपऱ्यांतल्या खळग्यांत साचलेलं, गढूळ, चहाच्या रंगाचं. बोल्ट, पट्ट्या, स्प्रिंगा, सगळ्यावर गंजाची साय चढली होती. अॅल्युमिनियमच्या भागांवर पांढरी भुकटी जमली होती. हात लावला तर बोटं तांबडी झाली.

उदाजीरावांनी वर पाहिलं. स्लॅबवर ओलीचा एक डाग नव्हता. भिंती कोरड्या, आवरण वरून कोरडं. ते पाटबंधारे खात्यातले निवृत्त इंजिनिअर. पाणी कुठून येतं, कसं झिरपतं आणि जाताना काय खूण ठेवतं, हे पाहण्यात त्यांची नोकरी गेली होती. इथे पाणी होतं, पण ते आल्याची खूण नव्हती.

त्यांनी रुमालाला बोटं पुसली. मग त्यांनी हिशेबी माणसासारखा विचार केला. इथे गंज चढणं शक्य नाही, तर गंजलेलं लोखंड बाहेरून आलं. कुणीतरी चांगले भाग काढून नेले आणि भंगारातले बसवले. या गाडीची नस ओळखणारा माणूस एकच होता. देवासला वर्कशॉप असलेला अंकित सुर्वे. अक्षतचा जिवलग मित्र.

दुपारपर्यंत त्यांनी अंकितविरुद्ध ठाण्यात तक्रार दिली आणि विमा कंपनीलाही कळवलं. घरी मात्र बायकोला त्यातलं काही सांगितलं नाही. अक्षत गेल्यापासून ती आधीच अबोल झाली होती; तिला आणखी कशाला त्रास, असं त्यांना वाटलं.

२

विमा कंपनीने पाठवलेली सर्व्हेअर देवासची होती. ऋजुता कानिटकर. तिचे वडील सांगलीकडून देवासला कारखान्यात नोकरीला आले आणि तिथलेच झाले. ती शिकली सगळी हिंदीतून, त्यामुळे उदाजीरावांचं जुन्या वळणाचं मराठी ऐकताना तिला मधूनमधून अडखळायला व्हायचं. पण गाड्यांच्या बाबतीत ती अडखळत नसे.

उदाजीरावांनी तिला आपला निष्कर्ष आधीच सांगून टाकला. "आपण फक्त भाग बदलल्याचं लिहून द्यावं. बाकी पोलीस पाहतील."

ऋजुताने टॉर्च लावून इंजिनाचा नंबर पाहिला. तो बरोबर होता. मग ती एकेक बोल्ट पाहत गेली. कारखान्यात बोल्ट आवळल्यावर त्याच्यावर रंगाची एक रेघ ओढतात. बोल्ट नंतर फिरवला तर ती रेघ तुटते. गंजाखाली का होईना, रेघा जागच्या जागी होत्या.

तिने हळूच सांगितलं, "काका, यातला एकही बोल्ट कुणी हलवलेला नाही. हे इंजिन याच गाडीचं आहे, आणि याच गाडीत गंजलंय."

उदाजीरावांना ते पटेना. मग पाणी कुठून आलं, असं त्यांनी विचारलं. तिने टॉर्च इंजिनावरच्या झाकणाकडे वळवला. अशा गाड्यांच्या इंजिनावरच्या झाकणाला उष्णता जायला रुंद खाचा असतात. पावसात त्यांतून पाणी आत पडतंच आणि कडेच्या नळ्यांतून खाली निघून जातं. तिने नळ्या तपासल्या, तर त्या तुंबलेल्या. आत काहीतरी तपकिरी, ओल्या चामड्यासारखं लिबलिबीत अडकलं होतं. तिने ते चिमट्याने काढून पिशवीत ठेवलं. पण पाऊस पडायला डोक्यावर आकाश लागतं, आणि इथे वर स्लॅब होता.

तिने गाडीच्या आत पाहिलं. मीटरवरचा आकडा अक्षतच्या शेवटच्या सर्व्हिसिंगच्या पावतीशी जुळत होता. बॅटरी मेलेली होती. म्हणजे गाडी चाललेली नव्हती. चालवायची सीट मात्र पार पुढे, स्टिअरिंगला चिकटेल इतकी ओढलेली होती. अक्षत बुटका असावा, असं तिला वाटून गेलं.

शेवटी तिने आवरण पूर्ण काढून घेतलं. गाडी लखलखत होती. छतापासून दारांपर्यंत धुळीचा कण नव्हता. समोरच्या बंपरवर, गाडी टोचन करायचा हूक जिथे बसवतात, तिथलं नखाएवढं झाकण तेवढं गायब होतं.

ती उदाजीरावांना त्याबद्दल विचारायला वळली, तर ते गाडीच्या छताच्या कडेवरून हात फिरवत होते. तळहाताने, पुन्हा पुन्हा, चाचपडल्यासारखे.

"कुणी पुसली ही?" त्यांनी विचारलं. "इथे धूळ होती. त्या धुळीत अक्षतच्या बोटांचे ठसे होते. शेवटची गाडी लावून आत आला, तेव्हाचे. म्हणून तर मी हे झाकून ठेवलं होतं."

३

ऋजुता ओसरीवर बसली तेव्हा तिच्या डोक्यात नुसता गुंता होता. न चाललेली गाडी, कोरडं गॅरेज, आत पाणी, आणि वरून कुणीतरी धुऊन पुसल्यासारखी.

उदाजीरावांच्या पत्नीने, जयवंतीबाईंनी, पोहे आणून ठेवले. ठेंगणी, शांत बाई; जिना चढउतर करताना गुडघ्यांवर हात ठेवणारी. ऋजुताने गॅरेजच्या किल्ल्यांबद्दल विचारलं. उत्तर उदाजीरावांनीच दिलं. किल्ल्या दोन. एक त्यांच्या खिशात, दुसरी देवघराजवळच्या खिळ्याला. आषाढात डोळ्याच्या ऑपरेशनसाठी ते पुण्याला भावाकडे राहिले होते, तेव्हा पहिली किल्ली त्यांच्याबरोबर होती. घरी कोण होतं? जयवंतीबाई आणि सोबतीला आलेली सून, वेदिका. अक्षत गेल्यावर वेदिका देवासला माहेरी राहायला गेली होती आणि तिथल्या शाळेत शिकवत होती. "सूनबाई चांगली आहे," एवढंच म्हणून ते थांबले. जयवंतीबाई काहीतरी बोलणार असं वाटलं, पण त्यांनी रिकामी बशी उचलली आणि आत गेल्या.

शेजारच्या घरात उदाजीरावांचा पुतण्या यशराज राहत होता. उंचापुरा, रुबाबदार तरुण. त्या लाल गाडीवर त्याचा डोळा होता हे त्याने लपवलं नाही. अक्षतदादा गेल्यावर गाडी मला द्या, म्हणून त्याने काकांना दोनदा विचारलं होतं आणि दोनदा नकार ऐकला होता. एकदा तिच्यात बसून रील काढायची परवानगीही मिळाली नव्हती.

"मग रागाच्या भरात कुणी बादलीभर पाणी ओतेल का?" ऋजुताने सरळ विचारलं.

यशराज हसला नाही की चिडला नाही. त्याने सांगितलं ते वेगळंच होतं. आषाढात, काका पुण्याला असताना, एका संध्याकाळी त्याला गॅरेजसमोर ओल्या चिखलात जाड टायरांचे माग दिसले होते. कारचे नव्हेत, ट्रकचे. काकांनी गुपचूप गाडी विकायला काढली, आपल्याला मात्र नाही दिली, असं समजून तो दुखावला होता आणि त्यानंतर त्याने तो विषयच सोडून दिला होता.

"त्या दिवशी घरासमोर कोण आलं होतं?"

त्याने काकांच्या घराकडे पाहिलं. मग म्हणाला, "दीदी, माझं नाव घेऊ नका. सकाळी अंकितभिया आले होते. वेदिकावहिनी त्यांच्याशी फाटकात उभ्या राहून बोलत होत्या. हळू आवाजात, कुणी ऐकेल म्हणून भ्यायल्यासारख्या."

४

देवासला औद्योगिक वसाहतीच्या कडेला अंकितचं वर्कशॉप होतं. तीन गाड्या मावतील एवढ्या शेडमध्ये एकही गाडी नव्हती. तक्रारीची बातमी पसरायला वेळ लागला नव्हता. ज्यांच्या गाड्या दुरुस्तीला होत्या ते अर्धवट कामासकट त्या घेऊन गेले होते. चोर मेकॅनिककडे कोण गाडी देणार?

अंकित जाडजूड, पोट सुटलेला, पस्तिशीचा माणूस होता. त्याने ऋजुताला खुर्ची दिली, स्वतः उभाच राहिला. अक्षत आणि तो कॉलेजात एका बाकावर बसायचे. ती गाडी दोघांनी मिळून पुण्याहून शोधून आणली होती, जुनीच; तिचा एकेक तुकडा अंकितने पुसून लावला होता. हे सगळं तो मोकळेपणाने बोलला. मग ऋजुताने आषाढातल्या त्या दिवसाबद्दल विचारलं आणि त्याचा चेहरा बंद झाला.

तिने सांगितलं की भाग बदललेले नाहीत हे तिला दिसलंय, ते ती लिहूनही देईल. पण तेवढ्याने तक्रार मिटणार नाही. भाग नाही बदलले तर गाडी खराब केली, असं उदाजीराव म्हणतील. गाडी चालली नाही, म्हणजे वाहून नेली गेली. हुकाचं झाकण पडलंय, दारात ट्रकच्या टायरांचे माग होते. गाडी कुठे नेली होती?

अंकितने ठामपणे मान हलवली.

"मॅडम, मी त्या गाडीचा बोल्टपण नाही खोलला. अक्षतची शपथ. बाकीचं विचारू नका. मी कुणाला तरी वचन दिलंय."

"तुमचा धंदा बसलाय. पोलीस उद्या पुन्हा बोलावतील. ज्याला वचन दिलं त्याला हे माहीत आहे?"

तो गोंधळल्यासारखा दिसला, जणू हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता. "माहीत असेलच ना," तो म्हणाला. "एकाच घरातली गोष्ट. माहीत असून गप्प असतील, तर त्यांचीही काही मजबुरी असेल."

मग एकदम त्याने विचारलं, "पण गंज खरंच इतका आहे? कसं काय? मी तर स्वतःच्या हाताने पुसून, झाकून ठेवली होती." आणि आपण काय बोललो हे लक्षात येऊन त्याने तोंड फिरवलं.

५

वेदिका शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवायची. मधल्या सुट्टीत ती ऋजुताला घेऊन प्रयोगशाळेत बसली. उंच, सडपातळ, बोलताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहणारी. अंकितचं नाव निघालं तेव्हा मात्र तिने खिडकीबाहेर पाहिलं. हो, तो आला होता. आईंची चौकशी करायला. गाडीचं तिला काही ठाऊक नव्हतं.

ऋजुताने पिशवीतला तो तपकिरी लगदा टेबलावर ठेवला. घरी तिने तो पाण्यात धुतला होता. त्यातून जाड पाकळ्यांचे तुकडे सुटले होते आणि ब्रशच्या केसांसारखा तंतूंचा एक गुच्छ. हे कसलं फूल, तेवढं सांगा, असं तिने विचारलं.

वेदिकेने भिंग घेतलं, पण फुलावर फार वेळ धरलं नाही. "काटेसावर," ती म्हणाली. "वाऱ्याने कुठूनही येतं."

ऋजुता उत्तर घेऊन निघाली. टेबलावरच्या काचेखाली एक फोटो होता. निघताना तिची नजर त्यावर पडली. वेदिका आणि अक्षत, त्या लाल गाडीजवळ उभे. वेदिका एवढी उंच, पण ती त्याच्या खांद्याला लागत होती.

गाडी सुरू करून ती शाळेच्या फाटकाबाहेर आली आणि रस्त्याच्या कडेला थांबली. काहीतरी जुळत नव्हतं. काटेसावर फुलते फाल्गुनात, झाड निष्पर्ण असताना, आणि तिचं फूल लाल असतं. हे तिच्यासारखीलाही माहीत होतं. या पाकळ्या देठाशी अजून पांढुरक्या होत्या. आणि फाल्गुनात गाडीवर उदाजीरावांचा पहारा होता. वनस्पतिशास्त्राची शिक्षिका एवढी चूक करेल?

तिने फोनवर सावरीच्या कुळातली झाडं शोधली. फोटो चाळता चाळता तिचं बोट थांबलं. मोठं, पांढरं, लोंबतं फूल, मधे तंतूंचा झुबका. पावसाळ्याच्या सुरुवातीला रात्री उमलतं, सकाळी गळून पडतं आणि तपकिरी होतं. गोरखचिंच. इथले लोक तिला खुरासानी इमली म्हणतात, आणि ती पाहायची असेल तर ज्याला त्याला मांडूचाच रस्ता दाखवतात. धारहून तासाभराचा.

म्हणजे आषाढात ती गाडी मांडूला, गोरखचिंचेच्या झाडाखाली, पावसात उभी होती. ट्रकवरून नेलेली. अंकितने नेली, वेदिकेला माहीत होतं, आणि दोघंही लपवत होते. तरुण विधवा आणि नवऱ्याचा मित्र. धारमध्ये कुणालाही विचारलं असतं तर त्याने पुढची गोष्ट स्वतःच पुरी केली असती.

ऋजुतानेही ती मनात जवळजवळ पुरी केली होती. पण एक अडचण होती. सीट.

अक्षत उंच होता. वेदिका उंच. यशराजही. इतक्या पुढे ओढलेल्या सीटवर त्यांचे गुडघे मावले नसते. अंकितचं तर पोटच स्टिअरिंगला अडलं असतं. त्या गाडीत बसलेलं माणूस यांच्यापैकी कुणीच नव्हतं.

आणि अंकित म्हणाला होता, एकाच घरातली गोष्ट.

६

दुसऱ्या दिवशी ऋजुता धारला पोचली तेव्हा उदाजीराव ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. तिने त्यांना बाईंशी दोन मिनिटं बोलायचंय असं सांगितलं आणि स्वयंपाकघरात गेली. जयवंतीबाई कोथिंबीर निवडत होत्या.

ऋजुताने आडून काही विचारलं नाही. अंकितवर पोलिसात तक्रार झालीय, त्याचं वर्कशॉप ओस पडलंय, आणि तरी तो तोंड उघडत नाहीये, एवढंच तिने सांगितलं.

जयवंतीबाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "कसली तक्रार?" त्यांनी विचारलं.

त्यांना खरोखरच काही माहीत नव्हतं. विम्याची बाई येऊन गाडी बघून जाते, यापलीकडे त्यांच्या कानावर काही आलं नव्हतं. गाडी गंजलीय हेसुद्धा नाही. ऋजुताने सगळं सांगितलं. त्यांनी जुडी ताटात ठेवली. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, पदर खांद्यावरून नीट घेतला आणि ओसरीवर गेल्या. ऋजुता मागोमाग गेली.

"अहो," त्या नवऱ्याला म्हणाल्या, "अंकितने काही केलेलं नाही. गाडी मी नेली होती."

उदाजीरावांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. त्यांना शब्द ऐकू आले होते, अर्थ लागत नव्हता. "तू? कुठे?"

"मांडूला."

मग त्या बोलत राहिल्या, थांबत थांबत. दर पावसाळ्यात अक्षत मांडूला जायचा आणि दर वर्षी म्हणायचा, आई, एकदा चल माझ्याबरोबर. त्या म्हणायच्या, त्या गाडीत शिरायचं म्हणजे विहिरीत उतरायचं, माझे गुडघे का मोडायचेत तुला? खरं कारण वेगळं होतं. ती गाडी घेण्यावरून बापलेकांचं भांडण झालं होतं, आणि आपण तिच्यात बसलो तर नवऱ्याला वाईट वाटेल, म्हणून त्या टाळायच्या. पुढच्या वर्षी बघू, म्हणायच्या. पुढचं वर्ष आलं तेव्हा अक्षत नव्हता.

"तुम्ही पुण्याला गेलात, आणि आषाढ लागला. मला राहवेना. मी वेदिकेला म्हटलं, मला तिथे ने. त्याच्या गाडीतून. ती आधी नको म्हणाली, मग तिने अंकितला फोन केला. गाडी सुरू होत नव्हती. त्या पोराने ट्रक आणला, गाडी वर चढवली, तिथे नेऊन झाडाखाली उतरवली. मला दोघांनी धरून आत बसवलं. त्याच्या सीटवर. माझे पाय पोचेनात, तर अंकितने सीट पुढे ओढून दिली."

"आणि?"

"आणि काही नाही. पाऊस पडत होता. मी दिवसभर बसले होते. इथे मला रडता येत नव्हतं हो. तुम्ही त्याचं नाव काढू देत नव्हतात, त्याच्या खोलीला कुलूप, गाडीला कुलूप. तिथे मी पोटभर रडले. परत आल्यावर अंकितला शपथ घातली, तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. तुम्ही मोडून पडाल अशी भीती वाटली. त्याच्यावर हे बालंट आलंय हे मला कळलं असतं, तर मी त्याच दिवशी बोलले असते."

उदाजीरावांनी वर्तमानपत्राची घडी करून ते बाजूला सारलं. मग म्हणाले, "त्या गाडीवर त्याच्या बोटांचे ठसे होते. धुळीत."

जयवंतीबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. "मला नव्हतं माहीत," त्या म्हणाल्या. "कधी सांगितलंत? मला माहीत असतं तर मी त्या गाडीला हात लावू दिला असता का?"

७

राहिला प्रश्न गंजाचा. उदाजीराव इंजिनिअर होते; एवढं सगळं ऐकूनही ते कोडं त्यांना स्वस्थ बसू देईना. एक दिवस पाऊस लागला तर एवढा गंज कसा, असं त्यांनी जवळजवळ हट्टाने विचारलं. कदाचित दुसरं काही विचारायचं त्यांना त्या क्षणी सुचत नसावं.

ऋजुताने ते समजावून सांगितलं. ही गाडी पावसात चालली असती तर काहीच झालं नसतं. खाचांतून पडलेलं पाणी नळ्यांतून गेलं असतं आणि उरलेला ओलावा इंजिनाच्या उष्णतेने सुकला असता. पण त्या दिवशी इंजिन गार होतं. वरून गोरखचिंचेची गळलेली फुलं पडत होती, त्यांच्या पाकळ्या आणि तंतू खाचांतून आत गेले आणि नळ्या तुंबल्या. पाणी आतच राहिलं. परतल्यावर अंकितने कुणाला कळू नये म्हणून बाहेरून पुसून लखलखीत केली, ठसे होते हे त्यालाही ठाऊक नव्हतं, आणि जाड आवरण घट्ट ओढून घेतलं. घाईत त्याने इंजिनाचं झाकण उघडून पाहिलं नाही. मग सबंध श्रावण आणि भाद्रपद दमट हवेत, बंद गॅरेजात, आवरणाखाली तो ओलावा कोंडून राहिला. बाहेर जायला वाट नव्हती, म्हणून बाहेर त्याची खूण नव्हती.

वेदिकेने फुलाबद्दल खोटं का सांगितलं, हेही आता उघड होतं. सासूने तिलाही गप्प राहायला सांगितलं होतं. तक्रार झाल्यावर ती अंकितला दोनदा म्हणाली होती की खरं सांगून टाक. तो म्हणाला, काकूंनी सांगितलं तरच. आणि काकूंना सगळं माहीत आहे, अशी दोघांचीही समजूत होती.

उदाजीराव त्याच दिवशी ठाण्यात गेले आणि तक्रार मागे घेतली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने ते एकटेच देवासला गेले. ते अंकितच्या वर्कशॉपमध्ये गेले, हे ऋजुताला कळलं, कारण अंकितनेच तिला फोन केला. तो सांगत होता, काका आले, शेडमध्ये उभे राहिले. त्याने खुर्ची दिली तर बसले नाहीत. शेवटी त्यांनी वाकून त्याच्या पायांना हात लावायचा प्रयत्न केला, तेव्हा त्याने त्यांना मिठीत धरलं. नंतर त्यांनी आजूबाजूच्या चारपाच दुकानांत स्वतः जाऊन सांगितलं की चूक माझी होती, मुलगा सच्चा आहे. धारला परतल्यावर त्यांनी यशराजलाही चारचौघांत तेच सांगायला लावलं. गाड्या एकेक करून अंकितकडे परत येऊ लागल्या.

गाडी दुरुस्तीला देवासला गेली. अंकित म्हणाला, वेळ लागेल, पण होईल.

पुढचं ऋजुताला वेदिकेने सांगितलं, शाळेच्या फाटकात अचानक भेट झाली तेव्हा. दिवाळीत ती धारला गेली होती. अक्षतच्या खोलीचं कुलूप काढलेलं होतं. एका दुपारी ती पाणी घ्यायला उठली, तर खोलीतून बोलणं ऐकू आलं. उदाजीराव बायकोला विचारत होते, त्या दिवशी मांडूला पाऊस कसा होता, झाड कुठलं होतं, समोर काय दिसत होतं. जयवंतीबाई एकेक सांगत होत्या. बारीकसारीक, न कंटाळता. समोर दरी होती, तिच्यातून धुकं वर येत होतं, अंकित छत्री धरून बाहेर उभा होता आणि त्या आत ये म्हणत असूनही तो आला नाही.

वेदिका पुढे ऐकायला थांबली नाही. पण स्वयंपाकघरात जाता जाता तिला उदाजीरावांचा आवाज आला. ते रडत होते, मोठ्याने, लहान मुलासारखे, आणि जयवंतीबाई त्यांना गप्प करत नव्हत्या.